अडीच सुती, बावीस आटे

१९७८, सप्टेंबरची अठरा तारीख, सोमवार. काम होतं गाडीचे बोल्ट रॉकेलमध्ये धुऊन निवडायचं. पुढ्यात घमेलं, शेजारी जुन्या धोतराच्या चिंध्या आणि वनस्पती तुपाचा एक डबा. मिस्त्रीनं गाडी खोलली तेव्हा तिचे सगळे नट-बोल्ट त्यानं या डब्यात ‘एकदम सांभाळून’ ठेवले होते. म्हणजे इंजिनाचे, दाराचे, मडगार्डचे, नंबरप्लेटचे, सगळे एकत्र. वर झाकण नाही. वर्षभरात त्यात पावसाचं पाणी गेलं, गंज चढला, आणि घरात ज्याला बोल्ट लागला त्यानं डब्यात हात घातला. एक मला पाळण्याच्या कडीत सापडला. दोन विहिरीवरच्या मोटारीच्या बुडाशी होते.

या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना धरून ठेवायला चौदा बोल्ट लागतात. दुपारपर्यंत धुऊन, चोळून, भोकात घालून पाहिल्यावर त्यातले धड निघाले तीन.

गाडी आमच्या नवऱ्यानं आदल्या वर्षी संक्रांतीला एका सरकारी खात्याच्या लिलावात घेतली होती. दुसरं महायुद्ध संपल्यानंतर बनलेली विलायती पिकअप, रंग हिरवा, मागं सामान टाकायला फळ्यांचा हौदा. घेताना त्यांनी मला एकच गोष्ट दहा वेळा सांगितली होती, “लोखंड पाहा, लोखंड!” लोखंड मी पाहिलं. ते अंगणात उभं होतं आणि कोंबड्या त्याखाली अंडी घालत होत्या. चालली तेव्हा चांगली चालली, हे कबूल करते. पण आदल्या उन्हाळ्यात क्लच गेला, मिस्त्रीनं इंजिन उतरवलं, नवी प्लेट आणवली, आणि मग त्याच्याकडे ट्रॅक्टरांची कामं आली. गाडी टिनाच्या छपराखाली, चाकांना लाकडाचे ओंडके लावून, बसून राहिली.

मला ती गाडी हवी होती संत्र्यांसाठी. आष्टी तालुक्यात आमची बाग आहे. आंबिया बहाराची फळं दिवाळीच्या सुमाराला निघतात, आणि त्या दिवसांत भागातले सगळे ट्रक व्यापाऱ्यांनी आधीच सांगून ठेवलेले असतात. ज्याच्याकडे गाडी नाही त्यानं बाग व्यापाऱ्याला द्यायची. आमचा व्यापारी दर दसऱ्याला सकाळी आपट्याची पानं घेऊन यायचा. त्याच्या हातून सोनं घेतलं की त्या सालची बाग त्याला दिली, असा शब्द. कागद नाही, काही नाही. भाव तो मागाहून सांगायचा, तोही फळं निम्मी उतरल्यावर, झाडाकडे पाहत मान हलवून. “यंदा फळाले आब नाई, वैनी.” नऊ वर्षं आमच्या फळाला आब नव्हता आणि नऊ वर्षांत त्याच्या घराला दुसरा मजला झाला.

त्या साली मी ठरवलं होतं की सोनं घ्यायचं नाही. पण घ्यायचं नाही म्हणायला दारात चालती गाडी हवी. दसरा अकरा ऑक्टोबरला होता.

बोल्ट निवडता निवडता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, जी मिस्त्रीच्या वीस वर्षांत आली नव्हती. जिथं बोल्ट आरपार जातो आणि मागून नट लागतो, तिथं कुठलाही चालतो. बोल्टही नवा, नटही नवा, दोघं एकमेकांचे. दार, मडगार्ड, हौदा, यांची चिंता करायचं कारण नव्हतं. अडचण होती ती जिथं आटे गाडीच्याच अंगात पाडलेले आहेत तिथं. तिथं गाडी म्हणेल तोच बोल्ट. गिअरबॉक्सची चौदाही भोकं तसली होती, आणि अंग ॲल्युमिनियमचं.

हे मी मिस्त्रीला सांगितलं तेव्हा तो नवी प्लेट बसवून, इंजिन जागेवर चढवून दात कोरत होता.

“बाई, बोल्ट म्हंजे बोल्ट. तुमचा अडीच सुती, माह्याजवळचा आठ एम्मेम. फरक किती? केसायेवढा.”

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. देशात मिलिमीटर येऊन बरीच वर्षं झाली होती, पण लोखंडाच्या दुकानात सूतच चालत होतं. केसाएवढा फरक ही त्याची गोष्ट खरी होती. जाडीत तेवढाच फरक होता. म्हणूनच तर बोल्ट भोकात शिरला. दोन फेरे हातानं गेले. तिसऱ्याला त्यानं पाना लावला. चौथ्याला पान्यावर हातभर लांब पाइप चढवला.

“मिस्त्री, अडकून राह्यलं ते.”

“अडकून नाई राह्यलं बाई, बसून राह्यलं.”

मग काहीतरी सैल झालं आणि पाइप एकदम गरकन फिरला. त्यानं बोल्ट बाहेर ओढला. बोल्टाला चांदीच्या तारेसारखी चमकती वळी गुंडाळलेली होती. ते गिअरबॉक्सचे आटे होते.

“जुनं मटेरियल हाय,” मिस्त्री म्हणाला. “नरम पडलं.”

मी त्याला सांगितलं की आता माझ्या नजरेसमोर मी देईन तोच बोल्ट लागेल, आणि पाइप छपराबाहेर ठेवायचा. तो रागावला नाही. मिस्त्री लोक रागावत नाहीत. ते दुसऱ्या दिवशी येत नाहीत.

पुढचा पराक्रम नवऱ्याचा. ते नागपूरला जाणारच होते, म्हणून मी त्यांच्या खिशात नमुन्याचा एक बोल्ट टाकला. मिस्त्रीनं वर एक चिठ्ठी दिली. ‘चौदा नंबर, नग अकरा.’ हे परत आले ते पिशवी खांद्यावर घेऊन, कारण हातात पेलत नव्हती. आत अकरा बोल्ट होते, एकेक माझ्या अंगठ्याएवढा जाड.

“हे काय आणलं?”

“चौदा नंबर. चिठ्ठीत तसंच होतं.”

“खिशात नमुना होता ना?”

“होता.”

“मग दाखवला काऊन नाही?”

“अगं, भर दुकानात चार लोकांसमोर काय खिशातून गंजका बोल्ट काढायचा?”

झालं होतं असं, की आमच्याकडचे मिस्त्री बोल्टाला पान्याच्या नंबरानं हाक मारतात. डोक्याला चौदाचा पाना लागला की बोल्ट चौदा नंबर. दुकानदार जाडीनं विकतात. दोघंही आपापल्या जागी इतके ठाम असतात की दुसरी काही रीत असेल ही शंकाच त्यांना येत नाही. मधल्या मध्ये गिऱ्हाईक पोतं वाहतं. ते अकरा बोल्ट अजून आमच्याकडे आहेत. लोणच्याच्या बरणीतल्या फळीवर वजन म्हणून एक ठेवते, बाकीच्यांचा काही उपयोग सापडला नाही.

त्या संध्याकाळी मी शिवणाचं टेप घेतलं आणि कपडे धुण्याच्या साबणाची एक वडी. धड बोल्ट साबणावर आडवा दाबला की आट्यांचे चरे उमटतात. अर्ध्या इंचात चरे मोजले. अकरा. म्हणजे इंचाला बावीस. मिस्त्रीचा आठ एम्मेमवाला दाबला, तर दहाच्या किंचित वर. फाटकाच्या बिजागरीचा जुना इंची बोल्ट दाबला, तर नऊ. म्हणजे जाडी तिघांची जवळपास एक, आणि आटे तिघांचे तीन तऱ्हांचे. एवढं कळायला पाच मिनिटं लागली. साबण वाया गेला नाही, दुसऱ्या दिवशी त्यानंच चादरी धुतल्या.

मग मी स्वतः नागपूरला गेले. पिशवीत नमुना, टेप आणि साबणाची वडी. लोखंडाच्या सामानाची जी गल्ली आहे तिथल्या पहिल्या मोठ्या दुकानात मालकानं माझ्या खांद्यावरून मागं पाहिलं.

“साहेब नाही आले जी?”

“साहेब मागच्या आठवड्यात आले होते. अंगठ्याएवढे बोल्ट घेऊन गेले.”

त्यानं नमुना हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि नोकराला ओरडला, “इंची काढ रे, अडीच सुती!” खोकं आलं. मी वडी त्याच्या काउंटरवर ठेवली, बोल्ट दाबला, टेप लावलं.

“हे अठरा आहेत. मला बावीस पाहिजेत.”

दुकानातली दोन गिऱ्हाइकं जवळ सरकली. मालक हसायला लागला.

“बाई, पस्तीस साल झाले दुकानाले. आजपर्यंत कोणी आटे मोजून बोल्ट नाही नेला. आटे काय मोजायची चीज आहे?”

“तुमच्याकडे कापड मीटरनं मागतात की थानाकडे बघून?”

“मी कापड विकत नाही जी.”

“ते दिसतंच आहे.”

“थोडं ग्रीस लावा,” तो म्हणाला. “जाईल.”

त्या गल्लीत मी पाच दुकानं केली आणि चार ठिकाणी मला ग्रीस लावायला सांगितलं. एकानं सांगितलं की आधी बोल्ट तापवा. एकानं विचारलं की घरात पुरुषमाणूस नाही का. शेवटच्या दुकानातला म्हातारा तेवढा खरं बोलला. “बाई, त्या गाडीची माय मेली आता. भंगारवाल्याले द्या.” पण त्यानं तर नमुना हातातही धरला नव्हता.

बसस्टँडवर चहा पिताना मला माझाच राग आला. माझं माहेर हिंगणघाटचं. वडील जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. लहानपणी त्यांचा डबा घेऊन मी रोज तिथं जात होते. कापसाच्या गाठी बांधणारा तो प्रेस, सरकी वेगळी करणारे रेचे फिरवणारी ती चाकं, सगळं विलायती, इंचांतलं. पन्नास-साठ वर्षं ते चालत होतं म्हणजे कुणीतरी त्याचे बोल्ट करत असणारच. मी मात्र चार लोकांचं ऐकून नागपूरची गल्ली झिजवत बसले. परतीच्या बसऐवजी हिंगणघाटची बस धरली आणि रात्री भावाकडे उतरले.

भावानं दुसऱ्या दिवशी सकाळी मला एका निवृत्त फिटरकडे नेलं आणि तो आपल्या कामाला गेला. फिटर सत्तरीचे असतील. ओसरीत बुद्धाची तसबीर, तिच्याखाली एक जाड टेबल, टेबलाला घट्ट बसवलेला शिकंजा. जमीन झाडलेली. हत्यारं भिंतीला उंचीनुसार. एवढ्या दिवसांत प्रथमच मला बरं वाटलं.

“तू काट्यावाल्याची पोरगी ना?” ते म्हणाले. “डब्यात नेहमी झुणका आनत जाय.”

“होय काका.”

“काय पाहिजे?”

मी नंबर सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. “नंबर सांगू नको. नमुना आनला?”

नमुना दिला. त्यांनी चष्मा पुसला, खणातून पत्र्याच्या दात्यांची एक लहान फणी काढली, बोल्टाच्या आट्यांत बसवून उजेडाकडे धरली. दुसरी फणी धरली. तिसरी.

“बावीस.”

“मी पण बावीसच मोजले.”

“कायनं?”

“साबणानं.”

ते हसले नाहीत. “कोनत्या साबणानं? मऊ साबणात आटा पसरते.”

“धुण्याच्या. जुनी, वाळलेली वडी होती.”

“मग ठीक.”

जिनिंगचे बोल्ट मोठ्या आट्यांचे, ते माझ्या कामाचे नव्हते. पण यंत्राबरोबर विलायतेहून आलेली आटे पाडायची हत्यारं त्यांच्याकडे होती, सगळ्या मापांची. जिनिंगनं भंगारात काढली तेव्हा त्यांनी मागून घेतली होती. बावीसची डाय अजून तेलकट कागदात होती. त्यांनी मला बाजारातून अडीच सुतीच, पण तीन इंच लांब बोल्ट आणायला सांगितले, साधे अठरावाले.

“ते तर चुकीचे आहेत.”

“शेपूट चुकीचं हाय. दांडा तर बरोबर हाय ना? शेपूट कापू, दांड्यावर बावीसचे पाडू.”

पाच दुकानदारांच्या खोक्यांत भरून ठेवलेली गोष्ट आणि एकाच्याही डोक्यात नाही.

मग मी त्यांना खराब झालेल्या भोकाचं सांगितलं. पाइपाचं ऐकून त्यांनी डोळे मिटले. “त्या मिस्त्रीले म्हना, पाइप घालून घे गळ्यात.” त्या एका भोकासाठी त्यांनी तीन सुती बोल्ट करायचं कबूल केलं. भोक रुंद करायचं आणि त्यात नवे आटे पाडायचे. त्यासाठी लागणारा टॅप ते देणार होते, पण मिस्त्रीच्या हातात नाही, माझ्या.

“दसऱ्याले मी नागपूरले जातो, दीक्षाभूमीले. त्याच्या आधी येऊन घेऊन जाजो. टॅप मोडला तर दुसरा नाई.”

आठ ऑक्टोबरला मी परत गेले. अकरा बोल्ट वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले होते, दहा एका मापाचे आणि एक जाड. मग त्यांनी ॲल्युमिनियमचा एक तुकडा शिकंजात धरला आणि टॅप माझ्या हातात दिला. अर्धा फेरा पुढं, पाव मागं. मागं घेतलं की कातरलेला चुरा तुटतो. मी घाईनं पाऊण फेरा नेला तेव्हा त्यांनी माझ्या मनगटावर चापट मारली, लहान पोरीला मारतात तशी. तीन भोकं पाडून घेतली. चौथं पाहून म्हणाले, “जाय आता.”

मी अष्टमीच्या संध्याकाळी घरी पोचले. मिस्त्रीला निरोप धाडला. निरोप आला, उद्या सकाळी. सकाळी तो आला, पण अंघोळ करून, टिळा लावून, पांढरा शर्ट घालून. त्याच्याकडे पाहिल्यावर मला नवमी आठवली. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. त्या दिवशी कुणी हत्यार उचलत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापारी पानं घेऊन येणार आणि इंजिन तीन बोल्टांवर लटकलेलं.

देवघरात गेले तर तिथं आमचे सगळे पाने पाटावर ओळीनं मांडलेले. नवऱ्यानं पहाटे उठून मांडले होते. त्यावर हळदकुंकू, झेंडू, शेजारी विळा, कुऱ्हाड आणि हाताचं ड्रिल. वर्षभर त्या पान्यांना हात न लावणारा माणूस पूजेला मात्र एकही विसरला नव्हता. मी झेंडू बाजूला केले आणि हवे ते पाने आणि ड्रिल घेतलं.

“अगं, नवमी आहे!”

“माहीत आहे.”

“हत्यार उचलायचं नसतं.”

“देवीनं नवव्या दिवशी हत्यार खाली ठेवलं होतं का?”

त्यांनी झेंडू गोळा करून उरलेल्या पान्यांवर ठेवले. 

गोणपाट पसरून मी गाडीखाली शिरले. मिस्त्री हात पाठीमागं बांधून छपराच्या खांबाशी उभा. घरी जा म्हटलं तर जाईना.

“हात नाई लावत बाई. नुसतं सांगतो.”

“सांगू पण नका.”

“टॅप सरळ धरजा. वाकडा जाऊन राह्यला.”

मी पाहिलं. वाकडा जात होता. ते त्याचं बरोबर होतं आणि मला ते फार बोचलं. टॅप सोडवून पुन्हा सरळ लावला. अर्धा पुढं, पाव मागं. घामात कुंकू मिसळून हातांवरून ओघळत होतं. मिस्त्री खांबापासून एकेक पाऊल जवळ येत शेवटी उकिडवा बसला, मान गाडीखाली, हात तरीही पाठीमागं. तासाभरानं जाड बोल्ट बोटांनी आत गेला, शेवटपर्यंत, पाना न लावता. बाकीचे दहा त्याहून सोपे गेले. जुने तीन मी पुन्हा काढून, पुसून लावले. समोरासमोरचे थोडे थोडे आवळत चार वाजेपर्यंत चौदाही घट्ट केले.

बॅटरी जेमतेम होती. गाडी हँडल मारून चालू करायची होती आणि माझ्या दंडात आता जोर नव्हता. नवऱ्याची कंबर गेल्या पावसाळ्यापासून दुखत होती. मिस्त्रीनं हँडलकडे पाहिलं, देवघराकडे पाहिलं, विचार केला.

“हँडल काई हत्यार नाई,” तो म्हणाला. “हँडल गाडीचा अवयव हाय.”

शर्टाच्या बाह्या वर करून त्यानं मारलं. सहाव्या झटक्याला इंजिन सुरू झालं. छपरावरची कबुतरं उडाली, गाडीखालच्या कोंबड्यांनी आकांत केला. हे उडी मारून स्टिअरिंगवर बसले. कंबर कुठं गेली देव जाणे. क्लच दाबला, गिअर टाकला, गाडी ओंडक्यांना धक्का देत छपराबाहेर आली, विहिरीपर्यंत गेली आणि मागं आली. मी गाडीखाली वाकून एकेका बोल्टावर बोट ठेवून पाहिलं. इंजिन थरथरत होतं, सांधा हलत नव्हता.

“मी म्हणत नव्हतो?” हे खिडकीतून ओरडले. “लोखंड पाहा, लोखंड!”

“बाईले इतकंच सांगितलं, सरळ धरा म्हून,” मिस्त्री म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दसऱ्याला, उजाडताच मी तोडणीवाल्या चार बायांना झाडांवर लावलं. आधी पिकलेली तेवढीच फळं, देठ ठेवून. साडेसातपर्यंत हौद्यात पेट्या रचून दोर आवळले. त्या दिवशी नागपूरचा बाजार बंद असतो, पण संध्याकाळपर्यंत पोचून रात्री मुक्काम केला की पहाटेच्या लिलावात पहिला नंबर लागतो. आठाला व्यापारी आला. धुतलेलं धोतर, हातात आपट्याची पानं. पेट्या पाहून पायरीशीच थांबला.

“हे काय वैनी? आपला शब्द?”

“शब्द दसऱ्याला द्यायचा असतो ना? अजून दिला नाही.”

“नागपूरले तुमाले कोन वळखते? ती गाडी कोंढाळीपर्यंत तरी जाईन का?”

“नाही गेली तर चालत येऊ.”

त्यानं पानं पुढं केली. “सोनं तर घ्या. सण हाय.”

“सोनं ओट्यावर ठेवा,” मी म्हटलं आणि नवऱ्याशेजारी जाऊन बसले. त्याची मोटरसायकल फाटकात आडवी उभी होती. ती बाजूला घ्यायला सांगितली. त्यानं घेतली, आणि आम्ही निघालो.